वहिनींचा उजवा डोळा

आमच्या दुकानातून कुठलीही बंदूक वहिनींच्या खांद्यावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. हा नियम कुणी कुठे लावून ठेवलेला नव्हता, पण गिऱ्हाइकांना तो आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बंदुकांचे लाकडी दस्ते घडवायचा आणि दुरुस्त्या करायचा. मी काउंटरवर बसून काडतुसं विकायचो, परवाने तपासायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर चिडायचो. आणि वहिनी, दादाची बायको, दुकानामागच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जाऊन प्रत्येक बंदूक स्वतः उडवून बघायच्या, तिच्यावरची दुर्बीण निशाणाशी जुळवायच्या आणि मगच ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना नळीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हेही ठाऊक नव्हतं, असं दादा सांगतो. दादा बरंच काही सांगतो. खरी गोष्ट एवढीच की एकदा दादाचा हात प्लास्टरमध्ये असताना गिऱ्हाईक दारात येऊन बसलं आणि शिकारीच्या ऐन हंगामात मी नेहमीप्रमाणे हात वर केले. वहिनींनी पदर खोचला, बंदूक उचलली, खाणीत गेल्या आणि बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत तीन गोळ्या बसवून परत आल्या. वर दादाला म्हणाल्या, "अहो, दस्ता बोटभर लांब झालाय. कापा." त्या दिवसापासून पारखण्याचं काम त्यांचं झालं ते झालंच.

चणीने लहान, चष्मा मात्र बाटलीच्या बुडासारखा. उजव्या भुवईवर एक जुना व्रण, चंद्रकोरीच्या आकाराचा. पहिल्याच वर्षी एका दांडग्या रायफलीने मागे उसळी घेतली आणि दुर्बिणीच्या कडेने भुवई फोडली, त्याची ही खूण. नेमबाज मंडळींत या व्रणाचं भलतंच कौतुक. एकमेकांना आपापला व्रण असा दाखवतात जसं काही बक्षीस मिळालंय. आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, लाकडाच्या वखारीचे मालक, ज्यांना आम्ही पाठीमागे मिशीवाले म्हणायचो, ते तर बोट दाखवून सांगायचे, "ही या दुकानाची मोहर आहे, मोहर!" वहिनींना ते ऐकून आवडायचं, हे मला दिसायचं. मला त्या माणसाच्या मिशा ओढाव्याशा वाटायच्या.

एका वर्षी हंगामाच्या तोंडावर दुर्बिणी खराब निघायला लागल्या. नव्याकोऱ्या, खोक्यातून काढलेल्या. वहिनी डोळा लावायच्या आणि म्हणायच्या, "आत काळा ठिपका आहे. परत पाठवा."

मी बघितलं. काच लख्ख होती.

"वहिनी, काही नाहीये हो यात."

"भाऊजी, तुम्हाला काउंटरवरची धूळ दिसत नाही, काचेतली काय दिसणार?"

मी बाहीने काउंटर पुसला, कारण धूळ खरंच होती.

दुर्बिणीत कचरा दिसला तर काय करायचं याचा वहिनींचा एक ठरलेला उपाय होता, तो त्या येईल त्या गिऱ्हाइकाला शिकवायच्या. दुर्बीण जागच्या जागी गोल फिरवायची. ठिपका तिच्याबरोबर फिरला तर घाण काचेवर, पुसली की गेली; नाही फिरला तर ठिपका काचेबाहेरचा. तसं त्यांनी याही वेळी केलं. "फिरतोय," त्या म्हणाल्या. "जरा रेंगाळत, तरंगत फिरतोय, पण फिरतोय. आत सुटा कचरा आहे." असं करून त्यांनी ओळीने किती दुर्बिणी नापास केल्या, विचारू नका. पुरवठादाराने मला फोनवर नाही नाही ते ऐकवलं. एक दुर्बीण तर त्यांनी हट्टाने बाकावर उघडली. ती एकदा उघडली की हवा शिरते, आत वाफ धरते आणि ती कामातून जाते, हे त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं. उघडली, काचा पुसल्या, पुन्हा बसवली, डोळा लावला. ठिपका तिथेच. दादाने मान हलवली आणि कानस हातात घेऊन आपल्या कामाला लागला.

अशात मिशीवाले त्यांची सगळ्यात दणकट रायफल घेऊन आले. तिला ते लाडाने राणी म्हणायचे. रेड्याएवढ्या जनावरासाठी बनवलेली, धक्का असा की उभा माणूस पाऊलभर मागे सरकावा. "झोपून मारून बघा बरं का," ते म्हणाले, "डोंगरावर मी झोपूनच मारतो." उभं असताना शरीर मागे झुकून धक्का पचवतं. झोपलेल्या माणसाला मागे जायला जागाच नसते, सगळा दणका मानेतून डोक्यात. वहिनी निमूट झोपल्या आणि बार काढले. उठल्या तेव्हा चष्मा काढून डोळे मिटून बसून राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"वीज चमकल्यासारखं झालं."

"नळीतून जाळ येतोच," दादा म्हणाला. मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि राणीला घेऊन गेले.

पण दुसऱ्या दिवशी काडतुसांच्या खोलीत, जिथे ना बंदूक ना जाळ, वहिनींना पुन्हा वीज चमकलेली दिसली. कडेला, कमानीसारखी. त्या बाहेर आल्या आणि एक दुर्बीण उचलून डोळ्याला लावली. ठिपका होताच, आता त्याला पिल्लं झाली होती. दुर्बीण खाली ठेवली आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर ठिपके. वहिनींनी मान डावीकडे वळवली, ठिपके तरंगत मागून आले. उजवीकडे वळवली, तिकडेही आले.

मी काउंटरवरून हे सगळं बघत होतो. त्या हळूच स्टुलावर बसल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुर्बिणी चांगल्या होत्या हो सगळ्या. कचरा माझ्यात आहे."

मी चहा आणला आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. त्यांनी हात पुढे केला आणि कप सरळ खाली. फुटला. त्यांना तो दिसलाच नव्हता. "उजव्या कोपऱ्यात सावली आहे," त्या म्हणाल्या, "सकाळी एवढीशी होती." आणि पुढचं वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. "हंगाम संपला की दाखवते कुणाला तरी."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. दादा हातातली पटाशी तशीच घेऊन धावत आला. ऐन हंगामात, भर दुपारी, दारात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी शटर खाली ओढलं आणि आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी थेंब घालून, दिवा लावून बराच वेळ डोळा तपासला. मग विचारलं, "काम काय करता?"

वहिनींनी सांगितलं.

"बंदुकीचा धक्का कुठे बसतो?"

"खांद्याला."

"आणि खांद्यावर काय असतं?"

वहिनी म्हणाल्या, "डोकं."

"आणि डोक्यात डोळे." डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला. डोळ्याच्या आत पारदर्शक गर असतो, मागे भिंतीला चिकटलेला पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. गर हिसकला की पडद्याला ओढ बसते. "तुमचा चष्म्याचा नंबर मोठा, म्हणजे पडदा आधीच ताणलेला आणि पातळ. अशा माणसाचा पडदा नुसत्या वयानेही फाटू शकतो, तेव्हा बंदुकीनेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण इतकी वर्षं रोज डोक्याला दणके देऊन तुम्ही त्याला काही मदत केली नाहीत. पडदा फाटलाय आणि कडेने सुटायला लागलाय. मधला भाग अजून जागेवर आहे. ऑपरेशन लगेच करायचं."

"उद्या आले असते तर?" वहिनींनी विचारलं.

"उद्याचं मला विचारू नका."

दादाच्या हातात अजून पटाशी होती. ती त्याने तेव्हा कुठे खिशात घातली.

ऑपरेशन झालं. डोळ्यातला गर काढून आत वायूचा बुडबुडा भरला, तो आतून पडद्याला दाबून धरणार. पण बुडबुडा वर जातो, आणि दाबायचं होतं मागे. म्हणून वहिनींनी तोंड खाली करून राहायचं. बसताना खाली, झोपताना खाली, जेवतानाही खाली. ज्या बाईने दुपारी कधी पाठ टेकली नाही तिला ही शिक्षा! पहिल्या दिवशी त्या उशांवर उशा रचून बघत होत्या. मान अवघडली, नाक दबलं, आणि जो समोर येईल त्याच्यावर त्या डाफरल्या. समोर बहुतेक मीच असायचो.

दादा कारखान्यात गेला आणि दस्त्यांसाठी राखून ठेवलेला अक्रोडाचा एक उत्तम तुकडा काढला. गाल बंदुकीला कुठे टेकतो याचा हिशेब करण्यात त्याची हयात गेली होती. आता त्याने वहिनींच्या कपाळाला आणि दोन्ही गालांना जागा खोदली, नाकाला आणि तोंडाला मोकळी खिडकी ठेवली, वर मऊ चामडं ताणलं आणि खाली पाय लावले. वहिनींनी त्यात तोंड ठेवलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "डाव्या गालाला जरा घासा."

मी समजलो, आता या बऱ्या होणार.

त्या दिवसांत त्यांना जग दिसायचं ते फरशीपुरतं, तेही डाव्या डोळ्याने. माणसं त्या पावलांवरून ओळखायच्या. "भाऊजी, चपलेचा अंगठा तुटलाय, लाज वाटू द्या." एकदा मिशीवाले भेटायला आले, तर बूट बघूनच त्या म्हणाल्या, "या. राणी कशी आहे?" मिशीवाले खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, "लवकर बऱ्या व्हा. तुमच्या खांद्याशिवाय आमचं कसं होणार?" तोंड चौकटीत असल्यामुळे वहिनींचा चेहरा मला दिसला नाही. पण त्यांची बोटं चौकटीच्या कडेवर घट्ट आवळली गेली. कारण डॉक्टरीणबाईंनी त्याच सकाळी सांगितलं होतं की दणकट बंदूक यापुढे खांद्याला लावायची नाही. कधीच नाही.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "डोळा वाचेल कदाचित. पण वाचून करायचं काय? भाजी निवडायची?" आणि त्या रडल्या. तोंड खाली असल्यामुळे पाणी सरळ फरशीवर पडत होतं. लग्न होऊन आल्यापासून मी वहिनींना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसलो.

हळूहळू बुडबुडा लहान होऊ लागला. मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा उजव्या डोळ्याला वरून अंधूक दिसायला लागलं होतं, खाली बुडबुड्याच्या कडेची एक रेघ हेलकावत होती. वहिनींनी मान तिरकी केली, रेघ हलली. सरळ केली, रेघ थांबली. "अहो," त्यांनी दादाला हाक मारली, "यांनी माझ्या डोळ्यात पाणसळ बसवलीय!" बंदुकीवर दुर्बीण सरळ बसलीय का हे बघायला आम्ही असली बुडबुड्याची पाणसळच वापरतो. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग एका दुपारी त्या ती अक्रोडाची चौकट मांडीवर घेऊन बसल्या. तिच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "माझ्या तोंडाला जागा करून दिलीत ना? तशी बंदुकीला करून द्या."

दादाला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मला तर खात्रीच होती. पण त्यांनी समजावून सांगितलं. बंदूक चौकटीत बसवायची, वाळूच्या पिशव्यांनी दाबायची, चापाला दोरी बांधायची आणि बाजूला उभं राहून ओढायची. धक्का चौकट खाईल. दादाने केली. दुकानातली एक जुनी रायफल तिच्यात घट्ट बांधली, वहिनींना लांब उभं केलं आणि दोरी ओढली. चौकट जागची हलली नाही. रायफलीचा दस्ता मात्र उभा चिरला. तो दस्ता आमच्या वडिलांच्या हातचा होता. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनीच कारखान्यात गेल्या. "माझी चूक झाली. मला कुणी खांबाला बांधून धक्का दिला असता तर माझीही मान मोडली असती. तिला मागे जाऊ द्या. थोडं जाऊ द्या, मग अडवा."

मग दादाने चौकटीखाली दोन पट्ट्या घातल्या, मागे वाळू आणि रबराची गादी ठेवली. आता बार निघाला की बंदूक घसरत मागे जायची, गादीत शिरायची आणि दोन हातांनी ढकलली की जागेवर यायची. मी तिचं नाव पाळणा ठेवलं. गावभर तेच झालं. गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन विचारू लागली, "काय हो, बाळ कसं आहे?" मी त्यांना काडतुसं मुद्दाम सावकाश मोजून द्यायचो.

या सगळ्यात वर्ष गेलं. मध्ये त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. तो होणार हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, तोही काढला. आता वहिनींच्या चष्म्याची एक काच जाड आणि एक पातळ. डोळा कितपत कामाचा राहिलाय हे त्या आम्हाला सांगत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "तुम्ही दिसता, तेवढं पुरे आहे."

हंगाम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मिशीवाले राणीला घेऊन आले. मागून त्यांचे पाचसहा मित्रही आले, कारण पाळण्याची मजा बघायची होती. खाणीत सगळे जमले.

"हे लाकडी खेळणं ठीक आहे हो," मिशीवाले म्हणाले, "पण बंदूक चौकटीत वेगळी मारते आणि खांद्यावर वेगळी. खांद्यावरून गेल्याशिवाय मी ती नेणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाल्या. मी चमकलो. दादाने माझ्याकडे बघितलं.

वहिनींनी राणीला पाळण्यात बसवलं, दोरी ओढली. खाण दणाणली, बंदूक सर्रकन मागे गेली, गादीत शिरली. दुर्बिणीच्या चकत्या फिरवून निशाण जुळवलं, कागद बदलला आणि ओळीने तीन बार काढले. दादा धावत जाऊन कागद घेऊन आला. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. मित्रमंडळींचं हसणं बंद झालं.

"आता खांद्यावरून," वहिनी म्हणाल्या आणि राणी मिशीवाल्यांच्या हातात दिली. "तुमच्या."

"माझ्या?"

"बंदूक तुमची, डोंगरावर खांदा तुमचा. माझ्या खांद्यावर जुळवून तुम्हाला काय उपयोग?"

मिशीवाले मित्रांकडे बघत आडवे झाले. नवा कागद लागला. बार निघाला, पण कागदाला ओरखडासुद्धा नाही. गोळी वरच्या दगडाला लागून धूळ उडाली. दुसरी त्याहून वर. आणि मग आम्हाला सगळ्यांना दिसलं. चाप ओढायच्या आधीच मिशीवाले डोळे गच्च मिटत होते. खांदा चोरत होते. इतकी वर्षं वहिनींच्या खांद्याचे गोडवे गाणारा हा माणूस आपल्याच राणीला घाबरत होता! मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल धरला.

वहिनी हसल्या नाहीत. त्या त्यांच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या.

"झोपून नाही. उठा, बसून मारा, अंगाला मागे जायला जागा राहू द्या. ही रबराची गादी दस्त्याला लावा. दस्ता खांद्यात घट्ट. आणि डोळा मागे घ्या. अजून मागे. दुर्बिणीला डोळा चिकटवायचा नसतो." मग आपल्या भुवईवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मोहर नाहीये. मला बंदूक धरता येत नव्हती, म्हणून लागलेलं आहे."

मिशीवाले उठून बसले, त्यांनी गादी दस्त्याला लावली. कुणी हसलं नाही.

वहिनी बाजूला कागद न्याहाळायला तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेल्या मोठ्या दुर्बिणीपाशी गेल्या. मला वाटलं, सवयीने आता डावा डोळा लावतील. वर्षभर सगळं त्या डाव्यानेच बघत होत्या. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि उजवा डोळा लावला.

बार निघाला. आवाज दगडांवरून फिरून परत आला आणि मग खाण गप्प झाली. सगळे वहिनींकडे बघत होते.

त्यांनी हात वर नेला आणि दुर्बीण हळूहळू गोल फिरवायला लागल्या. ते फिरवणं मी ओळखत होतो. म्हणजे ठिपका दिसत होता. दादालाही कळलं, त्याने माझं मनगट धरलं. अर्धा फेरा झाला. पुरा झाला. वहिनींनी दुर्बिणीवरून डोळा काढला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि खाणीच्या पांढऱ्या कड्याकडे बघितलं. मान डावीकडे वळवली. उजवीकडे वळवली. अगदी सावकाश, कोपऱ्यापर्यंत.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि आमच्याकडे वळल्या. चेहरा असा उजळला होता की मी तो आजही विसरलेलो नाही.

"अहो, ठिपका कागदावरच आहे," त्या म्हणाल्या. "मध्यापासून बोटभर डावीकडे. लागली गोळी!"